तोंडात टाचण्या

१

घरातून निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. ते अंगातच मुरलेलं असतं. पण लिफ्टमामांचं या बाबतीत जरा अतीच होतं. खाली कचऱ्याची पिशवी टाकायला उतरले तरी दारातून "येतो गं" म्हणायचे. वाण्याला म्हणायचे, बँकेच्या खिडकीतल्या मुलीला म्हणायचे. दाढ काढून घेतल्यावर गालाला रुमाल लावून त्यांनी दाताच्या डॉक्टरलासुद्धा "येतो हं" म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाला, "नका येऊ हो, आता तिथे काही राहिलं नाही."

मामांचा सगळा जन्म एका उंच कचेरीच्या लिफ्टमध्ये गेला. वर नेलं, खाली आणलं. ज्याला त्याला त्याच्या मजल्यावर सोडलं. त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे आपण आयुष्यात कोणाच्या तोंडावर दार लावलं नाही याचा. लांबून कोणी धावत येताना दिसला की मामांचा हात दारात गेलाच. आतले साहेबलोक घड्याळ बघत फुरफुरायचे, पण मामा ढिम्म. "त्याला आधीच उशीर झालाय, त्यात आपण कशाला भर घालायची?" असं म्हणायचे. पुढे बटणांची लिफ्ट आली आणि मामांना घरी बसवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आणि ते मामा म्हणून त्यांची बायको आपोआप मामी झाली.

मामी घरीच कपडे दुरुस्त करून द्यायच्या. कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन होतं आणि दारामागच्या खुंटीवर लोकांचे कोट टांगलेले असत. मामींच्या ओठांत कायम टाचण्या. कापड दोन्ही हातांनी धरायचं तर टाचण्या ठेवायच्या कुठे? शिवणारी बाई त्या ओठांत धरते. एकदा धरल्या की बोलणं बंद.

लग्न नवं होतं तेव्हा मामा "येतो गं" म्हणाले की मामी टाचण्या काढायच्या, मान वळवायच्या आणि म्हणायच्या, "या." त्यातला "आ" जरा लांबवून, शेवटी किंचित वर नेऊन. मामा त्यावरून त्यांना चिडवायचे. म्हणायचे, एवढ्या लांब "या"वर बसून माणूस घरी परत येईल. मग काम वाढलं, लेक झाली, चष्मा लागला. टाचण्या काढायच्या, परत लावायच्या, कोण करत बसतंय? "या"चं "हं" झालं. "येतो गं." "हं." मामा उंबऱ्यावर जरासे थांबायचे आणि मग निघायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

२

घरी बसल्यावर मामांना ती बाग सापडली. सापडली म्हणजे काय, होती तिथेच होती, गल्लीच्या टोकाला, शाळेची भिंत आणि टायरवाल्याचं दुकान यांच्या मधोमध. एवढीशी बाग. चालायला लागलं की चक्कर संपून माणूस पुन्हा फाटकापाशी. पण त्या एवढ्याशा जागेत मामांना सगळं जग मिळालं.

फाटकाजवळ एक पत्र्याचा फलक होता. पूर्वी इथूनच अख्ख्या गावाला पाणी जायचं, असं त्यावर लिहिलं होतं. मधलं गोल विटांचं पंपघर तेव्हाचं. त्याला कुलूप होतं आणि आत वटवाघळं. मागचं तळं म्हणजे जुन्या हौदाचा उरलेला तुकडा. त्याला दगडी पायऱ्या होत्या. वरच्या दोन-तीन कोरड्या, बाकीच्या पाण्याखाली. फलकाच्या खालच्या अर्ध्या भागात पक्ष्यांची चित्रं. मामांनी तो फलक असा पाठ केला की त्यावरचं शेवाळ कुठे आहे तेही ते न बघता सांगत. नवखा माणूस फलकासमोर उभा राहिला रे राहिला की मामा बाकावरून उठायचे. "या, या. मी सांगतो." माणसाला नको असलं तरी तो अख्खी बाग बघूनच सुटायचा.

दुपारी जायचे आणि रखवालदाराची बंद करायची शिट्टी झाली की परत यायचे. जिना चढतानाच पुकारायचे, "आलो गं, आलो!" जणू मामी दारात ताटकळत उभ्या आहेत. मग चहा पिता पिता बातम्या. पाणकोंबडीला पिल्लं झाली. खंड्याने मासा धरला आणि त्याच्या चोचीतून सुटला. मुंगसाचं जोडपं फाटकाखालून टायरवाल्याकडे गेलं, बहुतेक टायर बदलायला. मामी हसायच्या, पण टाचण्यांच्या आतून. "एकदा चल की," मामा म्हणायचे. मामी खुंटीवरच्या कोटांकडे बोट दाखवायच्या. बाग काही पळून जात नाही, असं त्यांना वाटायचं.

३

एके दिवशी मामा चहाचा कप हातात धरून बसले. बातम्या नाहीत की काही नाही.

"का हो? मुंगसांचं भांडण झालं का?"

"आज बागेत मला कोणीतरी 'या' म्हणालं."

"रखवालदार असेल."

"तो फाटकावर होता. मी तळ्यापाशी. शिट्टी झाली, उठलो, सवयीने म्हटलं, येतो हं. तळ्याला म्हटलं, पाखरांना म्हटलं. तर मागून आवाज आला, 'या.'"

मामी हसल्या. "साळुंकी असेल. साळुंक्या माणसासारखं बोलतात. तुम्हीच शिकवलंत तिला, दिवसभर येतो येतो करून."

मामांनी त्यावर नीट विचार केला. लिफ्टमध्ये उभं राहून राहून त्यांना विचार करायची चांगली सवय लागली होती.

"मी तिला 'येतो' शिकवीन," ते म्हणाले. "'या' कुठून शिकली ती?"

मामींनी सुईत दोरा ओवला.

त्यानंतर मामा जरा लवकर निघायला लागले. निघताना केस विंचरायचे. चांगला स्वेटर घालायचे, करडा. त्याचं कोपर फाटलं होतं आणि मामींनी करडी लोकर संपली म्हणून तपकिरी लोकरीने रफू केलं होतं. मामींच्या नजरेतून हे सुटलं नाही. म्हातारपणी चळ लागला की काय या माणसाला?

"आवाज बाईचा की पुरुषाचा?" त्यांनी एकदा, कापडावरची नजर न काढता, विचारलं.

"बाईचा."

"मग बघितलंत का कोण आहे ती?"

"बघायला कशाला जायचं? कोणी प्रेमाने 'या' म्हटलं तर कोण बोललं असं वळून विचारायचं असतं का? लाजेल बिचारी."

"रोज म्हणते?"

"एक दिवस चुकत नाही."

"कसा आहे आवाज?"

मामा कपात बघत म्हणाले, "ओळखीचा आहे." आणि असे काही हसले की मामींना राग आला. त्यांनी कात्री जरा जोरातच ठेवली.

४

दुसऱ्या दिवशी मामींनी मशीनवर फडकं टाकलं आणि मामा गेल्यावर थोड्या वेळाने त्यांच्यामागे बागेत गेल्या. चोरून. या वयात नवऱ्याच्या मागावर जायची वेळ आली, म्हणून त्यांना स्वतःचंच हसू येत होतं. फाटकावरचा रखवालदार गळ्यात शिट्टी अडकवून शेंदरी खुर्चीत पेंगत होता.

बाग खरंच छान होती. मामांनी सांगितली होती तश्शी. पाणकोंबडी काळ्या मण्यांसारखी पिल्लं घेऊन पानांवरून चालत होती. तारेवर खंड्या बसला होता. आपण हे सगळं कितीदा ऐकलं आणि बघायला एकदाही आलो नाही, असं मामींच्या मनात आलं. मामा फलकापाशी एका तरुण जोडप्याला पंपघराचा इतिहास ऐकवत होते. जोडप्याला झाडामागे जायची घाई होती, पण मामा सोडतील तर शपथ. मामी मेंदीच्या कुंपणाआड एका बाकावर बसल्या. तिथून तळं दिसत होतं.

शिट्टी झाली. जोडपं गेलं. मामा तळ्यापाशी आले, त्यांनी पँट झटकली, केसांवरून हात फिरवला. मग पंपघराच्या मागच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "येतो गं."

"गं" म्हणाले. तळ्याला, पाखरांना कोणी गं म्हणत नाही.

आणि उत्तर आलं.

"या."

मामी बसल्या होत्या तिथेच राहिल्या. आवाज त्यांचा स्वतःचा होता. आत्ताचा खरखरीत नव्हे. तेव्हाचा, लग्न नवं असतानाचा. तोच लांबवलेला "आ", तेच शेवटी किंचित वर जाणं. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येत नाही, तो कसा ओळखायचा, असं कोणी म्हणेल. पण मामींनी तो ओळखला. माणूस आपला हरवलेला कपडा ओळखतो की नाही, तसा.

त्यांनी डोकं चालवलं. पंपघर गोल आहे, आवाज घुमतो. घुमला तर मामांचाच घुमेल, आणि त्यांचाच शब्द परत येईल. बरं, साळुंकी. एखादी साळुंकी आपल्या खिडकीवर येऊन शिकली असेल. पण मी "या" म्हटल्याला वर्षं लोटली. त्या साळुंकीची नातवंडंसुद्धा आता राहिली नसतील. मनाचे खेळ. हो, मनाचे खेळ असतील. पण मग मामांना काय ऐकू येत होतं?

आणखी एक गोष्ट त्यांना खटकली. तो आवाज आला तेव्हा एकही पाखरू दचकलं नाही. पिल्लं चालतच होती. खार आपली खातच होती. जणू तो आवाज तिथलाच होता आणि परक्या होत्या त्या मामीच.

मामांचा चेहरा त्यांना कुंपणातून दिसला. आपण "हं" म्हणतो तेव्हा हा चेहरा कसा होत असेल, हे मामींनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण नजर कापडावर असायची. आता तो उजळलेला पाहिला. भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटला तो मत्सर. स्वतःच्याच आवाजाचा मत्सर! मामा फाटकाकडे निघाले आणि मामी कुंपणाआड बसून रडल्या.

५

त्या संध्याकाळी मामींनी ठरवलं, उद्यापासून आपण "या" म्हणायचं. बस. त्यात काय मोठंसं आहे? न्हाणीघरात आरशासमोर त्यांनी म्हणून पाहिलं. "या." आवाज फाटका आला. पुन्हा म्हटलं. बाहेरून मामांनी विचारलं, "काही म्हणालीस का?" मामींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काही नाही," त्या म्हणाल्या. तिथेच म्हणायला हवं होतं. पण माणसाला वाटतं, उद्या आहेच की.

दुसऱ्या दिवशी नेमकं कोपऱ्यावरच्या हॉटेलचं काम आलं. सगळ्या वेटरांचे कोट, आणि संध्याकाळच्या आत हवेत. आतलं अस्तर सटासट निसटत होतं. मामींच्या दोन्ही हातांत कापड होतं, ओठांत टाचण्यांची रांग. मामा केस विंचरून, करडा स्वेटर घालून दारात आले.

"येतो गं."

मामींना आठवण होती. नव्हती असं नाही. एक हात त्यांनी तोंडाकडे उचललासुद्धा. तेवढ्यात अस्तर घसरलं आणि तो हात खाली गेला.

"हं," त्या म्हणाल्या.

मामा उंबऱ्यावर थांबले. रोजच्यापेक्षा जास्त थांबले. मामींना त्यांचं थांबणं पाठीवर जाणवत होतं. एवढी एक शिवण झाली की म्हणते, असं म्हणत त्यांनी मशीन चालूच ठेवलं.

"बरं," मामा म्हणाले. "जातो."

मशीनवरचा पाय थांबला. या माणसाच्या तोंडून हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. मामींनी भराभरा टाचण्या काढल्या. घाईत एक ओठाला टोचली. तोवर पावलं जिना उतरून गेली होती. त्या खिडकीशी धावल्या. गल्लीच्या टोकाशी करडा स्वेटर वळताना दिसला. हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण भर दुपारी खिडकीतून ओरडायचं म्हणजे लोक काय म्हणतील? "येऊ दे घरी संध्याकाळी," त्या स्वतःशी म्हणाल्या, "चांगली झाडते. जातो म्हणे." आणि परत येऊन कोट हातात घेतला. ओठाचं रक्त अस्तराला लागू नये म्हणून काळजी घेतली.

६

मामा आले नाहीत.

रखवालदार शपथेवर सांगत होता की ते आत गेले, शिट्टी झाल्यावर त्याने सगळी बाग फिरून पाहिली, आत कोणी नव्हतं, आणि बाहेर पडताना मात्र त्याने त्यांना पाहिलं नाही. पोलीस आले. तळ्यात माणसं उतरवली, लांब काठ्या घातल्या. एक मोडकी छत्री निघाली आणि पोरांचे चेंडू. पंपघराचं कुलूप गंजलेलं होतं, ते तोडलं. वटवाघळं तेवढी उडाली.

लेक परगावाहून धावत आली. तिचं म्हणणं, बाबांना वयाने विसरायला झालं असेल, कुठेतरी भरकटले असतील, सापडतील. मामी मान डोलवायच्या. "जातो"चं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या बापाला मी एक शब्द दिला नाही म्हणून तो गेला? पोरगी म्हणाली असती, आई, असं कुठे असतं का? आणि असं नसतं हे मामींनाही कळत होतं.

"माझ्याकडे चल," जायच्या वेळी लेक म्हणाली.

"ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

लेकीने डोळे पुसले. "येते गं आई."

"ये," मामी म्हणाल्या. एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की लेक दचकली.

७

मग एकदा रखवालदार घरी आला. हातात फाटक्या खिशाची पँट होती, पण खिसा हे निमित्त होतं हे मामींनी ओळखलं. स्टुलावर बसून तो गळ्यातली शिट्टी उगाच चाचपत राहिला.

"मामी, वाईट वाटून घेऊ नका. पण साळुंक्या लई बेरकी असतात. माणूस निघून जातो आणि त्याचं बोलणं त्यांच्या तोंडी राहतं."

"काय बोलते साळुंकी?"

"मी शिट्टी मारतो ना बंद करायची, की तळ्याच्या बाजूने मामांचा आवाज येतो. हुबेहूब."

"काय म्हणते?"

"येतो गं, म्हणते. आणि मग थांबते. म्हणजे, आता कसं सांगू, कोणी उत्तर द्यायची वाट बघतो ना माणूस, तशी थांबते."

मामींनी पँट घेतली. खिसा तिथल्या तिथे शिवून दिला. त्याने विचारलं किती झाले, तर म्हणाल्या, "काही नको. उद्या मी येते. फाटक मात्र मी सांगेपर्यंत लावू नका."

८

निघण्यापूर्वी त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, डबी कपाटात ठेवली आणि चूळ भरली.

फाटकाशी पोचल्या तेव्हा ऊन झाडांवरून उतरलं होतं, पण उजेड होता. सगळं नीट दिसत होतं. रखवालदार अर्धवट लोटलेल्या फाटकाच्या लोखंडी दारावर एक हात ठेवून बाहेरच उभा होता. आत कोणी उरलं नव्हतं. त्याने मामींकडे बघितलं, मामींनी मान हलवली. त्याने शिट्टी मारली.

"येतो गं."

तळ्याच्या बाजूने. साळुंकी असो, भास असो, काहीही असो, आवाज त्यांचाच होता. दाढ काढल्यापासून "त"वर जरासा सुटायचा, तोसुद्धा तसाच. पलीकडे तो थांबला होता. मामा उंबऱ्यावर थांबायचे तसाच. मामी तेच थांबणं पाठीवर घेऊन इतकी वर्षं शिवत बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. फाटक्या आवाजात. मग मोठ्याने, "या! अहो, या!"

मग, जिना चढताना म्हणायचे तस्सं, घाईघाईने, आनंदाने:

"आलो गं, आलो!"

रखवालदाराच्या हातून फाटक सुटलं. तो दोन पावलं मागे झाला.

वाळकी पानं वाजायला लागली. कोणीतरी चालत येत होतं. मामी फाटकाच्या फटीतून बघत होत्या, आणि त्यांना मामा दिसले. पंपघराच्या पलीकडे, तळ्याच्या काठाशी. करडा स्वेटर. कोपराला तपकिरी रफू. ते त्यांनी स्वतः केलेलं, ओळखायला काय चुकणार? पण मामा पाठमोरे होते. ते येत नव्हते. ते त्या दगडी पायऱ्या उतरत होते, सावकाश, एकेक, आणि पाणी हलत नव्हतं.

आणि तरीही पानं इकडेच वाजत होती.

"आलो गं." आवाज बाकापाशी आला. "आलो." फलकापाशी. तिथे कोणी नव्हतं. फरशीवर ओली पावलं उमटत होती, एकापुढे एक, मामांसारखीच जरा फेंगडी. तळ्याकाठचा स्वेटर कमरेपर्यंत खाली गेला होता. मामींना कळेना, यातलं आपलं कोणतं? बोलावलं ते येत होतं, आणि माणूस तर जात होता.

पावलं फाटकाशी येऊन थांबली. हातभर अंतरावर. गढूळ पाण्याचा वास आला आणि त्यात मामांच्या डोक्याच्या तेलाचा. मग फाटक हलायला लागलं. जोराने नाही. कोणी धावत येणाऱ्यासाठी लिफ्टच्या दारात हात घालतं ना, तितक्याच हलक्या हाताने कोणीतरी ते आपल्याकडे ओढत होतं.

मामींनी ते ठरवून केलं नाही. हे त्या आजही स्वतःला देवाशपथ सांगतात. त्यांच्या हातांनी केलं. अस्तर घसरताना हात आपोआप पडतो, तसे दोन्ही हात फाटकावर पडले, ते त्यांनी खेचून बंद केलं आणि कडी घातली. लोखंडावर लोखंड वाजलं.

सगळं थांबलं. पलीकडून श्वाससुद्धा आला नाही.

आणि मग, अगदी जवळून, न रागावता, लिफ्ट भरली आहे हे समजून घेणाऱ्या माणसासारखा आवाज आला:

"बरं. जातो."

पानं परत वाजत गेली. फलक, बाक, पंपघर. मामी कडी काढायला लागल्या, पण बोटं ऐकेनात. हातात सुई धरून धरून पक्की झालेली बोटं, आणि एक कडी निघेना. निघाली तेव्हा तळ्याकाठी काही नव्हतं. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन पानांवरून चालली होती.

"साळुंकी होती हो मामी," रखवालदार मागून म्हणाला. तो रडत होता. "साळुंकीच होती."

"हो," मामी म्हणाल्या.

९

आता मामी ओठांत टाचण्या धरत नाहीत. मशीनवर एक लोहचुंबक चिकटवला आहे, त्यावर लावतात. काम हळू होतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात, करू देत. दुपारी मामांची निघायची वेळ झाली की मशीन थांबवतात, दाराकडे मान वळवतात आणि म्हणतात, "या." कोणी माप द्यायला आलेलं असलं तर त्याला वाटतं आपल्यालाच म्हणाल्या, आणि तो पुढे येतो.

संध्याकाळी फाटकावर जातात. आत जात नाहीत. शिट्टी होते आणि त्या कान देऊन उभ्या राहतात. "येतो गं" येत नाही. त्या दिवसानंतर एकदाही आलं नाही. तरी त्या म्हणतात, "या." फाटक सताड उघडं धरून ठेवतात. रखवालदार बिचारा खुर्ची उचलून आत ठेवतो, पुन्हा बाहेर आणतो, वेळ काढतो. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या तोंडावर दार लावलं नाही, तो एकदा आला होता, आणि दार आपण लावलं. हे मामी कोणालाच सांगू शकत नाहीत. लेक फोनवर म्हणते, आई, रोज तिथे कशाला जातेस? मामी म्हणतात, पाय मोकळे करायला.

घरी निघताना मात्र त्या तोंड गच्च मिटून घेतात. टाचण्या धरल्यासारखे ओठ आवळून फाटकापासून गल्लीपर्यंत चालत येतात. सवयीचा एक शब्द तिथे उच्चारायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आहे. तिथे तो कोण ऐकतं, हे त्यांना ठाऊक आहे.

काल दिवसभर काम फार झालं होतं. उभं राहून पाय दुखायला लागले. पाणकोंबडीची पिल्लं मोठी झालेली दिसत होती, आणि ही बातमी सांगायला घरी कोणी नव्हतं. मामींनी फाटक सोडलं, वळल्या, आणि सवयीने निसटलंच तोंडातून.

"येते हं."

"या," आतून उत्तर आलं. लांबवलेलं, शेवटी किंचित वर गेलेलं. आणि लगेच आलं. मामींनी मामांना ते इतक्या लगेच कधीच दिलं नव्हतं.